स्पॅम दारातच अडवणारा मेल रिले: सांगलीतल्या ऑफिससाठी पोस्टफिक्स आणि आरस्पॅमडीची मांडणी

मार्केट यार्डातली हळदीची पेढी असो, तासगावचा बेदाणा निर्यातदार असो, कुपवाड एमआयडीसीतली फाउंड्री असो की पाच-सहा शाखांची पतसंस्था. मेलच्या बाबतीत तक्रार एकच असते. ऑफिसच्या कोपऱ्यात कधीतरी बसवून घेतलेला मेल सर्व्हर चालतो नीट, पण त्याची स्पॅमची गाळणी जुनी झालेली असते. अकाउंट्सचा माणूस रोज सकाळी खोटी बिलं, लॉटऱ्या आणि ‘तुमचा पासवर्ड आज संपतोय’ असले मेल पुसत बसतो. त्या भरात दुबईच्या एखाद्या खऱ्या गिऱ्हाइकाची चौकशीही पुसली जाते. सर्व्हर बदलायचा तर सगळ्यांचे जुने मेल, पासवर्ड, फोनमधली सेटिंग हलवावी लागतात, म्हणून विषय पुढे ढकलला जातो.

सर्व्हर न बदलता हे सुटतं. त्याच्यापुढे एक छोटं लिनक्स मशीन उभं करायचं, डोमेनचा सगळा मेल आधी तिथे उतरवायचा, गाळायचा आणि चांगला तेवढा मागच्या सर्व्हरकडे द्यायचा. हाच मेल रिले. त्यावर दोन प्रोग्राम चालतात: मेल घेणारा आणि पुढे देणारा पोस्टफिक्स, आणि स्पॅम ओळखणारा आरस्पॅमडी. लोकांचे मेलबॉक्स, पासवर्ड, आउटलुक जिथे आहेत तिथेच राहतात.

या मांडणीत एक नियम कधीच सोडायचा नाही. मेल घ्यायचा की नाही, हे समोरचा सर्व्हर लाइनवर असतानाच ठरलं पाहिजे. नाकारायचा तर तिथल्या तिथे ५५० (कायमच्या नकाराचा कोड) म्हणून नाकारा. आधी ‘मिळाला’ म्हणायचं आणि मग गुपचूप फेकून द्यायचा, किंवा मागाहून बाऊन्स (‘मेल पोचला नाही’ असा परतीचा मेल) पाठवायचा, हे दोन्ही घातक. गुपचूप फेकलेल्या मेलचा पाठवणाऱ्याला पत्ताच लागत नाही, तो उत्तराची वाट बघत राहतो. मागाहून पाठवलेला बाऊन्स जातो तो स्पॅमवर प्रेषक म्हणून ज्याचं नाव खोटं टाकलंय अशा भलत्याच माणसाकडे, आणि असे बाऊन्स सोडणारा आयपी काळ्या यादीत (स्पॅम सोडणाऱ्या आयपींच्या यादीत) जातो. लाइनवरच नाकारलं तर चुकून अडलेल्या खऱ्या माणसाला त्याचाच सर्व्हर लगेच ‘मेल पोचला नाही’ असं कळवतो आणि तो फोन करून विचारतो. खाली सांगितलेल्यातलं निम्मं या एका नियमासाठी आहे.

सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. फाइलमध्ये ती इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत लिहायची. अंडरस्कोअर जिथे दाखवलाय तिथे तो हवाच. आकडेही इंग्रजी.

मशीन कुठे आणि केवढं

तीस-चाळीस माणसांच्या ऑफिसला दोन कोअर, २ जीबी रॅम आणि ४० जीबी डिस्कचा व्हीपीएस (डेटा सेंटरमधलं भाड्याचं आभासी मशीन) पुरतो. क्लॅमएव्ही हा व्हायरस स्कॅनरही चालवायचा असेल तर ४ जीबी रॅम घ्या. त्याची व्हायरसची यादीच मेमरीत एक जीबीहून जास्त जागा खाते आणि यादी नवी होताना काही क्षण जुनी-नवी दोन्ही मेमरीत असतात. २ जीबीच्या मशीनवर नेमक्या त्या क्षणी लिनक्स कुठली तरी प्रोसेस मारतो, आणि मेल मधूनच का थांबला हे कुणालाच कळत नाही.

मशीन मुंबई किंवा पुण्याच्या डेटा सेंटरमध्ये घ्या, सांगलीत नको. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा ऑफिसं दिवसचे दिवस बंद होती. रिले बाहेर असला तर ऑफिसात लाइट नसतानाही मेल स्वीकारला जातो आणि रांगेत सुरक्षित राहतो. या रांगेचा हिशोब पुढे येतोच.

व्हीपीएस घेण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारून घ्या: पोर्ट २५ (सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते दार) आत येणाऱ्या कनेक्शनला खुलं आहे का, बाहेर जाणाऱ्याला खुलं आहे का, आणि रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) आपल्याला लावता येतो का. अनेक कंपन्या नव्या खात्यावर बाहेर जाणारं २५ बंद ठेवतात आणि विनंती केल्यावर उघडतात. आयपी हाती आला की काही सेटअप करण्याआधी तो काळ्या याद्यांत आहे का ते तपासा. आधीच्या भाडेकरूने घाण करून ठेवलेली असेल तर आयपी बदलून मागा. साफ करत बसण्यात अर्थ नाही.

ऑपरेटिंग सिस्टीम डेबियन किंवा उबंटूची एलटीएस आवृत्ती. पोस्टफिक्स डिस्ट्रोचाच (ऑपरेटिंग सिस्टीमसोबत मिळणारा) घ्या, आरस्पॅमडी मात्र त्याच्या स्वतःच्या रिपॉझिटरीतून. पोस्टफिक्स ३.९ च्या आधीचा असेल तर एसएमटीपीडी_फॉरबिड_बेअर_न्यूलाइन ही सेटिंग ‘येस’ करा. एसएमटीपी म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल देतात ती पद्धत. डिसेंबर २०२३ मध्ये एसएमटीपी स्मगलिंग नावाची पळवाट उघड झाली. मेल कुठे संपतो याचा अर्थ दोन सर्व्हर वेगवेगळा लावतात आणि एका मेलच्या पोटातून दुसरा खोटा मेल आत शिरतो. बाहेरून मेल घेणाऱ्या सर्व्हरला हा धोका असतो, म्हणजे आपल्यालाही.

नाव आणि डीएनएस

समजा डोमेन आहे ‘उदाहरण.इन’. रिलेला ‘एमएक्स१.उदाहरण.इन’ असं नाव द्या, त्याची ए नोंद (नावावरून आयपी सांगणारी) व्हीपीएसच्या आयपीवर करा आणि रिव्हर्स डीएनएस त्याच नावावर परत येईल असा लावा. एमएक्स नोंद (डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरकडे द्यायचा ते सांगणारी) अजून बदलू नका.

आता मशीनवर अनबाउंड हा रिझॉल्व्हर (डीएनएसला प्रश्न विचारून उत्तर आणणारा प्रोग्राम) बसवा आणि रिझॉल्व्हर म्हणून १२७.०.०.१, म्हणजे हेच मशीन, ठेवा. ही पायरी अनेक जण गाळतात आणि पुढे महिनोन्‌महिने डोकं धरून बसतात. स्पॅमहाउससारख्या काळ्या याद्या डीएनएसवरून विचारल्या जातात, आणि ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमधून आलेल्या प्रश्नाला स्पॅमहाउस खरं उत्तर देत नाही, १२७.२५५.२५५.२५४ असा ‘चूक झाली’ सांगणारा कोड देतो. सेटिंग ढोबळ असेल तर पोस्टफिक्स त्या कोडलाच ‘हा आयपी यादीत आहे’ असं समजतो आणि जगातला प्रत्येक मेल नाकारायला लागतो. म्हणून तपासणी आधी: डिग कमांडने २.०.०.१२७.झेन.स्पॅमहाउस.ऑर्ग विचारा. उत्तरात १२७.०.०.२ सारखे आकडे आले तर ठीक, २५५ वाला आला तर अजून सार्वजनिक रिझॉल्व्हरच वापरात आहे. डेबियन-उबंटूत पोस्टफिक्स अनेकदा स्वतःच्या बंदिस्त फोल्डरमध्ये रिझॉल्व्हच्या फाइलची प्रत ठेवतो, म्हणून रिझॉल्व्हर बदलल्यावर पोस्टफिक्स रीस्टार्ट करायचा. मोफत वापराच्या अटीही वाचून घ्या. व्यापारी वापरासाठी त्यांची नोंदणीची वेगळी सेवा आहे.

पोस्टफिक्स: कुणासाठी घ्यायचं, कुठे द्यायचं

मेन.सीएफ या पोस्टफिक्सच्या मुख्य सेटिंग फाइलमध्ये मुख्य ओळी मोजक्याच आहेत. मायहोस्टनेम म्हणजे एमएक्स१.उदाहरण.इन. मायडेस्टिनेशन रिकामं ठेवा, कारण या मशीनवर कुणाचाही मेलबॉक्स नाही. रिले_डोमेन्स मध्ये उदाहरण.इन. तेच डोमेन मायडेस्टिनेशनमध्येही राहिलं तर पोस्टफिक्स मेल स्थानिक समजतो आणि ‘युझर अननोन’ म्हणून परत पाठवतो. मायनेटवर्क्स मध्ये फक्त १२७.०.०.० ची लोकल रेंज. इथे व्हीपीएसचं अख्खं सबनेट घातलं तर शेजारच्या अनोळखी मशीनना तुमच्यामार्फत मेल पाठवण्याचा परवाना मिळतो. एसएमटीपीडी_रिले_रिस्ट्रिक्शन्स मध्ये परमिट_मायनेटवर्क्स आणि रिजेक्ट_अनऑथ_डेस्टिनेशन. ही दुसरी अट गेली की मशीन ओपन रिले (कुणाचाही मेल कुठेही पोचवणारं) झालं. रूट आणि पोस्टमास्टर यांचे मेल तुमच्या खऱ्या पत्त्याकडे वळवणारी ओळ व्हर्च्युअल_एलियस_मॅप्स मध्ये घाला, नाहीतर मशीनचे इशारे कुठेच पोचणार नाहीत.

मागच्या सर्व्हरचा पत्ता ट्रान्सपोर्ट_मॅप्स च्या फाइलमध्ये: डावीकडे डोमेन, उजवीकडे एसएमटीपी:[१०.८.०.२]:२५ (हा पुढे सांगितलेल्या बोगद्यातला ऑफिसच्या सर्व्हरचा पत्ता). चौकटी कंस विसरायचे नाहीत. तिथे आयपीऐवजी नाव लिहिलं आणि कंस गाळले, तर पोस्टफिक्स त्या नावाची एमएक्स नोंद शोधतो. ती रिलेकडेच बोट दाखवत असली की लॉगमध्ये ‘लूप्स बॅक टू मायसेल्फ’ दिसतं. फाइल बदलल्यावर दरवेळी पोस्टमॅप चालवायचं.

आता सगळ्यात महत्त्वाची फाइल, रिले_रेसिपियंट_मॅप्स. यात तुमच्या डोमेनवरचा प्रत्येक चालू पत्ता एकेका ओळीत, पुढे ‘ओके’. ही यादी नसेल तर रिले कुठल्याही नावाचा मेल घेतो, मागचा सर्व्हर ‘असं कुणी नाही’ म्हणतो, आणि बाऊन्स पाठवायची पाळी रिलेवर येते. स्पॅमर रमेश, सुरेश, सेल्स, ॲडमिन अशी अंदाजाने शेकडो नावं झाडतात. त्या प्रत्येकाचा बाऊन्स तुमच्या नावावर जमा होतो. ग्रुपचे पत्ते आणि टोपणनावंही यादीत हवीत. नवीन माणूस कामाला लागला आणि यादीत नाव घालायचं राहिलं, तर त्याला येणारा मेल ‘५५० ५.१.१’ म्हणून परत जाईल. म्हणून हाताने सांभाळण्यापेक्षा मागच्या सर्व्हरवरून रात्री यादी काढून रिलेवर आणणारी छोटी स्क्रिप्ट लावा. नवी यादी जुनीच्या निम्म्यापेक्षा लहान निघाली तर स्क्रिप्टने बदल न करता इशारा द्यावा. एखाद्या रात्री एक्स्पोर्ट फसलं तर सकाळी ऑफिसातला एकही पत्ता अस्तित्वात नाही असं होऊ नये.

आकाराची मर्यादा पोस्टफिक्समध्ये मुळात साधारण १० एमबी असते. फाउंड्रीला येणारी ड्रॉइंग त्यात मावत नाहीत, शिवाय अटॅचमेंट मेलमध्ये जाताना सुमारे ३७ टक्के फुगते. २५ एमबीची फाइल यायला हवी असेल तर मेसेज_साइझ_लिमिट ३६७००१६० ठेवा. मागच्या सर्व्हरची मर्यादा याच्याइतकी किंवा जास्त हवी. ती कमी असेल तर रिलेने घेतलेला मेल मागे नाकारला जाणार, आणि पुन्हा बाऊन्स.

टीएलएससाठी (लाइनवरचा मजकूर गुप्त ठेवण्यासाठी) लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट घ्या आणि एसएमटीपीडी_टीएलएस_सिक्युरिटी_लेव्हल ‘मे’ ठेवा. ‘एन्क्रिप्ट’ केलं तर जुने सर्व्हर मेल देऊच शकणार नाहीत. सर्टिफिकेट नवं झाल्यावर पोस्टफिक्स रीलोड करणारा हुक लावा.

ऑफिसपर्यंतचा रस्ता आणि पुराची तयारी

ऑफिसात स्टॅटिक आयपी असेल तर फायरवॉलमध्ये पोर्ट २५ फक्त रिलेच्या आयपीला उघडं ठेवायचं (बाहेरच्यांना बंद कधी करायचं ते पुढे सहाव्या पायरीत), बस्स. नसेल तरी अडत नाही. ऑफिसचा सर्व्हर आणि रिले यांच्यात वायरगार्डचा (हा व्हीपीएन प्रोग्राम) बोगदा टाका: रिले १०.८.०.१, ऑफिस १०.८.०.२. बोगद्याची सुरुवात ऑफिसकडून होऊ द्या आणि पर्सिस्टंटकीपअलाइव्ह २५ सेकंद ठेवा, म्हणजे राउटरमागे बसूनही लाइन जिवंत राहते आणि ब्रॉडबँड बंद पडून डोंगलवर गेलं तरी मेल येत राहतो. छोटे मेल पोचतात पण मोठी अटॅचमेंट अर्ध्यात लटकते, असं दिसलं तर एमटीयू (एका खेपेत जाणाऱ्या डेटाचा कमाल आकार) १४२० वरून १३८० करून बघा. हे दुखणं बहुतेक वेळा तिथेच असतं.

ऑफिसचा सर्व्हर बंद असताना मेल रिलेच्या रांगेत थांबतो. मॅक्सिमल_क्यू_लाइफटाइम मुळात ५ दिवस असतं. त्यानंतर मेल पाठवणाऱ्याकडे परत जातो. पूर ओसरून, गाळ काढून, वायरिंग सुकवून सर्व्हर चालू करायला ५ दिवस पुरत नाहीत. १५ दिवस ठेवा. जागेचा हिशोब सोपा आहे. ३० माणसं, प्रत्येकी रोज ५० मेल, सरासरी २०० केबी धरले तर रोजचे ३०० एमबी, १५ दिवसांचे साडेचार जीबी. ४० जीबीच्या डिस्कवर हे आरामात बसतं. सर्व्हर परत आला की पोस्टक्यूला ‘एफ’ पर्याय देऊन रांग सोडा.

मागच्या सर्व्हरवर दोन बदल हवेत. रिलेकडून येणाऱ्या कनेक्शनवर एसपीएफ (या डोमेनचा मेल या आयपीवरून येऊ शकतो का ते बघणारी तपासणी) आणि काळ्या याद्यांची तपासणी बंद करा. त्याला आता प्रत्येक मेल रिलेच्याच आयपीवरून येताना दिसतो, म्हणून एसपीएफ जवळजवळ प्रत्येक मेलवर फसेल. ग्रेलिस्टिंगही (अनोळखी सर्व्हरला आधी एकदा ‘नंतर ये’ म्हणणं) तिथे बंद. मात्र रिलेला ‘विश्वासू नेटवर्क’ म्हणून कुठेही मेल पाठवायचा परवाना देऊ नका. फक्त तपासणीतून सूट द्या. मेल गूगल वर्कस्पेसवर असेल तर तिथे ‘इनबाउंड गेटवे’ मध्ये रिलेचा आयपी घालायचा असतो.

पोस्टस्क्रीन: पहिला अडसर

पोस्टस्क्रीन हा पोस्टफिक्सचाच दारवान. मास्टर.सीएफ या पोस्टफिक्सच्या दुसऱ्या फाइलमध्ये पोर्ट २५ ची नेहमीची ओळ बंद करून पोस्टस्क्रीन, त्यामागचा एसएमटीपीडी, डीएनएसब्लॉग आणि टीएलएसप्रॉक्सी या चार तयार ओळी उघडा. पोस्टस्क्रीन स्वागताची ओळ पुरी करायला ६ सेकंद लावतो. खरा सर्व्हर थांबतो, घाईतला स्पॅम-बॉट आधीच बोलायला लागतो आणि पकडला जातो. पोस्टस्क्रीन_ग्रीट_ॲक्शन आणि पोस्टस्क्रीन_डीएनएसबीएल_ॲक्शन दोन्ही ‘एन्फोर्स’.

याद्यांना वजन द्या: झेन.स्पॅमहाउस.ऑर्ग=१२७.०.०.[२..११]*३ आणि बीएल.स्पॅमकॉप.नेट*१, उंबरठा ३. कंसातली ती रेंजच वर सांगितलेल्या २५५ वाल्या कोडपासून वाचवते. एकट्या स्पॅमकॉपच्या शब्दावर कुणाला अडवू नका. मोठ्या कंपन्यांचे आयपीही तिथे अधूनमधून येऊन जातात.

पोस्टस्क्रीनच्या पुढच्या, ‘२२० नंतरच्या’ (२२० हा स्वागताच्या ओळीचा कोड) खोल चाचण्या चालू करू नका. त्या पार केलेल्या सर्व्हरलाही एकदा ‘नंतर ये’ म्हणून परत पाठवतात. जीमेलसारखे मोठे सर्व्हर पुढच्या खेपेला दुसऱ्याच आयपीवरून येतात आणि मेल तास-तास रखडतो. बँकेचा ओटीपी मेलवर येत असेल तर हे चालणार नाही.

त्यानंतर एसएमटीपीडीच्या अटी. हेलो (समोरचा सर्व्हर आपलं नाव सांगतो ती पहिली ओळ) सक्तीचा करा, चुकीच्या घडणीचा किंवा अर्धवट नावाचा हेलो नाकारा. रिव्हर्स डीएनएस मुळीच नसलेल्यांना अडवणारी रिजेक्ट_अननोन_रिव्हर्स_क्लायंट_होस्टनेम ठीक आहे. तिची कडक बहीण, जी नाव आणि आयपी दोन्ही दिशांनी जुळवते, ती नको. अनेक छोट्या कारखान्यांचे आणि सरकारी कार्यालयांचे सर्व्हर त्या कसोटीला उतरत नाहीत, आणि सांगलीतल्या ऑफिसला त्यांचे मेल हवे असतात. प्रत्येक नव्या अटीपुढे पहिले काही दिवस वॉर्न_इफ_रिजेक्ट लावा. लॉगमध्ये ‘नाकारला असता’ एवढंच दिसतं, मेल येतो.

एसएमटीपीडी_रिजेक्ट_फूटर मध्ये ऑफिसचा फोन नंबर इंग्रजीत घाला. अडलेल्या मेलच्या निरोपात तो नंबर पाठवणाऱ्याला दिसतो. एका ओळीचं काम आहे आणि याच्याइतका उपयोग दुसऱ्या कुठल्याच सेटिंगचा होत नाही.

आरस्पॅमडी: मजकूर तपासणारा

आरस्पॅमडीसोबत रेडिस हा डेटाबेस बसवा. त्याची शिकवण आणि ग्रेलिस्टची नोंद तिथे राहते. आरस्पॅमडीच्या मूळ फाइलना हात लावायचा नाही, आपले बदल लोकल.डी फोल्डरमध्ये. प्रॉक्सी वर्करमध्ये मिल्टर (पोस्टफिक्सला गाळणी जोडायची सोय) चालू आणि सेल्फ_स्कॅन ‘येस’. ऑप्शन्सच्या फाइलमध्ये नेमसर्व्हर १२७.०.०.१. मग पोस्टफिक्समध्ये एसएमटीपीडी_मिल्टर्स = आयनेट:लोकलहोस्ट:११३३२. मिल्टर_डिफॉल्ट_ॲक्शन मुळात ‘टेम्पफेल’ (तात्पुरता नकार) असतं, तसंच राहू द्या. आरस्पॅमडी बंद पडला तर मेल पाठवणाऱ्याकडे थांबेल आणि परत येईल. ‘ॲक्सेप्ट’ केलं तर त्या वेळात सगळा स्पॅम आत.

आरस्पॅमडी प्रत्येक मेलला गुण देतो. मुळातल्या पायऱ्या अशा: ४ ला ग्रेलिस्ट, ६ ला हेडर (मेलच्या माथ्यावर ‘स्पॅम’ अशी नोंद), १५ ला नकार. हे आकडे विचारपूर्वक ठरवलेले आहेत, आल्या आल्या बदलू नका. अपवाद एकच: पहिले दोन आठवडे नकाराचा आकडा ९९९ करून ठेवा, म्हणजे काहीच अडणार नाही, फक्त ‘एक्स-स्पॅम: येस’ हे हेडर लागेल. मागच्या सर्व्हरवर हे हेडर असलेला मेल जंक फोल्डरमध्ये टाकणारा नियम करा. दोन आठवड्यांनी जंकमध्ये १५ च्या वर एकही खरा मेल सापडला नाही, तर १५ वर या.

विषयापुढे ‘स्पॅम’ शब्द चिकटवणं किंवा तळाशी ‘हा मेल तपासलेला आहे’ अशी ओळ घालणं टाळा. डीकेआयएमची, म्हणजे पाठवणाऱ्या डोमेनची डिजिटल, सही विषयावर आणि मजकुरावर असते, एक अक्षर बदललं तरी ती तुटते. वेगळं हेडर जोडल्याने सहीला धक्का लागत नाही.

कुणाचा मेल अडला की लगेच त्याचं डोमेन मोकळं सोडायचा मोह होतो. नुसत्या ‘फ्रॉम’ वर सूट दिली तर तेच डोमेन खोटं लावून येणाऱ्यालाही दार उघडं होतं. आरस्पॅमडीच्या व्हाइटलिस्ट मॉड्यूलमध्ये एसपीएफ आणि डीकेआयएम जुळलं तरच सूट, अशी सोय आहे, तीच वापरा. आरस्पॅमडीचं वेब पॅनेल पोर्ट ११३३४ वर असतं. ते इंटरनेटवर उघडू नका, एसएसएच बोगद्यातून बघा.

शिकवण: इथे वेळ द्या

बेझियन (नमुन्यांतल्या शब्दांवरून अंदाज बांधणारी) शिकवण चांगल्या आणि वाईट अशा दोन्ही बाजूंचे किमान २०० नमुने झाल्याशिवाय कामाला लागत नाही. इंटरनेटवरून तयार स्पॅमचा साठा उतरवून शिकवणं म्हणजे वेळ वाया. त्यातल्या इंग्रजीचा तुमच्या मेलशी संबंध नसतो.

आपल्याकडे एक खास अडचण आहे. ऑफिसातला चांगला मेल म्हणून लोक मराठी मेल शिकवतात: वार्षिक सभेची नोटीस, भावाचे तक्ते, शाखांचा पत्रव्यवहार. स्पॅम मात्र बहुतेक इंग्रजी. गाळणी त्यातून ‘देवनागरी म्हणजे चांगलं, इंग्रजी म्हणजे वाईट’ एवढंच शिकते. मग निर्यातदाराकडे परदेशातून आलेली पहिली चौकशी जंकमध्ये जाते, आणि मराठीतला कर्जाचा स्पॅम सुखरूप आत येतो. म्हणून चांगल्यांत निम्मे तरी इंग्रजी मेल हवेत: कंटेनरचे भाव विचारणारे, कर्क्युमिनची टक्केवारी विचारणारे, सीएफएस (कंटेनर साठवण्याचं केंद्र) आणि शिपिंग एजंटचे, सीएचे. वाईटांत मराठी आणि हिंदी स्पॅम मुद्दाम शोधून घाला.

शिकवायचा मेल मूळ रूपात हवा. कुणी फॉरवर्ड केलेला मेल शिकवू नका. त्यात मूळ हेडर नसतात आणि फॉरवर्ड करणाऱ्याचं नावच स्पॅमशी जोडलं जातं. सोपी रीत अशी: मागच्या सर्व्हरच्या आयमॅपवर (मेलबॉक्स सर्व्हरवर ठेवून वाचायची पद्धत) दोन सामाईक फोल्डर करा, ‘स्पॅम आहे’ आणि ‘स्पॅम नाही’, लोक मेल तिथे ओढतील. ते फोल्डर आठवड्यातून एकदा एका समजदार माणसाने डोळ्याखालून घालावेत, मग आरस्पॅमडीसोबतच्या आरस्पॅमसी च्या लर्न_स्पॅम आणि लर्न_हॅम कमांडने शिकवावेत. न तपासता आपोआप शिकवायला लावलं तर कंटाळलेला माणूस पुरवठादाराचं स्मरणपत्रही स्पॅममध्ये ओढतो.

अटॅचमेंट

ईएक्सई, एससीआर, जेएस, व्हीबीएस, आयएसओ, आयएमजी आणि एलएनके या प्रकारच्या फाइल सरळ नाकारा. आरस्पॅमडीच्या मल्टीमॅप या मॉड्यूलमध्ये फाइलच्या शेपटीवर नियम लिहिता येतो आणि तो झिपच्या आतही बघतो; पोस्टफिक्सच्या हेडर तपासणीला झिपच्या आतलं दिसत नाही. पासवर्ड लावलेल्या झिपला गुण वाढवा. पासवर्डच्या पीडीएफला मात्र हात लावू नका. आपल्या बँका खातेउतारे तसेच पाठवतात, फॉर्म १६ ही बऱ्याचदा तसाच येतो.

बदल करायचा दिवस

१. दोन दिवस आधी एमएक्स नोंदीचा टीटीएल (बाकीचे सर्व्हर नोंद लक्षात ठेवतात तो काळ) ३०० सेकंदांवर आणा.
२. मेन.सीएफ मध्ये सॉफ्ट_बाऊन्स ‘येस’ करा. पोस्टफिक्सचे स्वतःचे कायमचे नकार तात्पुरते होतात, म्हणून यादीत काही चुकलं असेल तरी मेल हरवत नाही.
३. स्वॅक्स या साधनाने बाहेरच्या दुसऱ्या सर्व्हरवरून चाचणी मेल टाका: एक खऱ्या पत्त्यावर, एक नसलेल्या पत्त्यावर, एक भलत्याच डोमेनवर. पहिला पोचला पाहिजे, उरलेले दोन लाइनवरच अडले पाहिजेत. जीट्यूब ही ठरलेली चाचणी-ओळ टाकलेला मेल आरस्पॅमडीने नाकारला पाहिजे.
४. शनिवारी दुपारी, काम कमी असताना, एमएक्स बदला. एकच एमएक्स ठेवा.
५. लॉग बघत बसा. दोन दिवस सुरळीत गेले की सॉफ्ट_बाऊन्स काढा.
६. तीन-चार दिवसांनी ऑफिसच्या सर्व्हरचं पोर्ट २५ बाहेरच्यांसाठी बंद करा. फक्त २५, लोकांचे फोन आणि आउटलुक वापरतात ती ५८७ आणि ९९३ तशीच चालू राहू द्या.

जुना सर्व्हर ‘बॅकअप’ म्हणून दुसऱ्या एमएक्सवर ठेवायचा सल्ला खूप जण देतात. ऐकू नका. स्पॅमर मुद्दाम मागच्या एमएक्सवर जातात, कारण तिथे गाळणी नसते हे त्यांना ठाऊक असतं. रिले तासभर बंद पडला तरी पाठवणारे सर्व्हर स्वतःच पुन्हा प्रयत्न करतात. सहावी पायरी राहिली तरी हेच होतं: जुना आयपी माहीत असलेले स्पॅमर रिलेला वळसा घालून थेट येतात आणि लोक म्हणतात, रिलेचा काही फरक पडला नाही.

कुणाच्याही फोनमध्ये आउटगोइंग सर्व्हर म्हणून रिलेचं नाव घालायचं नाही. घरच्या ब्रॉडबँडचे आयपी स्पॅमहाउसच्या यादीत असतातच, त्यामुळे आपलाच माणूस दारात अडेल.

लॉग आणि रोजची नजर

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी लॉग १८० दिवस ठेवायचे असतात, घड्याळ एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या एनटीपी (वेळ सांगणाऱ्या) सर्व्हरशी जुळवायचं असतं, आणि ठरावीक सायबर घटना ६ तासांत कळवायच्या असतात. जुने लॉग पुसणाऱ्या लॉगरोटेटच्या मूळ सेटिंगमध्ये मेलचे लॉग चार आठवडेच टिकतात. आठवड्याला एक या हिशोबाने २७ ठेवा. डेबियन १२ पासून आरसिसलॉग (लॉग फाइलमध्ये लिहिणारा प्रोग्राम) आपोआप बसत नाही, त्यामुळे मेल.लॉग ही फाइलच सापडत नाही. तो वेगळा बसवून घ्या.

रोज पीएफलॉगसम या लॉगचा सारांश काढणाऱ्या प्रोग्रामचा अहवाल मेलवर मागवा आणि दोनच गोष्टी बघा: रांगेत किती मेल अडकलेत, आणि ‘युझर अननोन’ मध्ये आपल्या माणसाचं नाव तर नाही. आठवड्यातून एकदा १५ ते २० गुणांत नाकारलेल्या मेलचे प्रेषक आणि विषय चाळा. खरा माणूस अडलेला असेल तर तो बहुतेक याच पट्ट्यात सापडतो. सेटिंग बदलण्याआधी इटीसीमधल्या पोस्टफिक्स आणि आरस्पॅमडीच्या फोल्डरची प्रत काढून ठेवा.

रिलेच्या हातात नसलेलं

एक प्रकारचा मेल ही गाळणी पकडणार नाही. पुरवठादाराचा खरा मेलबॉक्सच चोराच्या हाती जातो, चालू पत्रव्यवहारात तो शिरतो आणि लिहितो: ‘आमचं बँक खातं बदललंय, या वेळचे पैसे नव्या खात्यावर पाठवा.’ एसपीएफ बरोबर, डीकेआयएम बरोबर, भाषा ओळखीची, बिलाचा नंबरही खरा. गुण शून्याच्या आसपास. म्हणून अकाउंट्सच्या टेबलावर नियम लावा: खातं बदलल्याचा मेल आला की आपल्या जुन्या वहीतल्या नंबरवर फोन करून खात्री केल्याशिवाय एक रुपयाही हलवायचा नाही, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. पैसे गेलेच तर त्याच तासात बँकेला आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा. रिलेच्या लॉगमधला त्या मेलचा क्यू आयडी (रांगेतला क्रमांक), वेळ आणि पाठवणारा आयपी लगेच वेगळा काढून ठेवा, आणि मूळ मेल कुणालाही पुसू देऊ नका.